पाच मोजेपर्यंत

१

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला नियामक मंडळाच्या एका उंच सदस्यांनी सचिवबाईंना जिन्यातच गाठलं.

"नऊ नंबरच्या विषयाला तीन जोडपत्रं होती म्हणे. माझ्याकडे दोनच आहेत. तिसरं गेलं कुठे?"

सचिवबाई थबकल्या. त्यांच्या मागून मी माझ्या वह्या छातीशी धरून येत होते, मीही थबकले.

"दोनच आहेत, सगळ्यांकडे दोनच," सचिवबाई म्हणाल्या.

"मग त्या खोऱ्यातल्या शिक्षिकेचा काल मला फोन का आला? 'आमच्या पत्राचं काय झालं?' असं विचारत होती ती. एकेचाळीस जणींचे अंगठे आहेत म्हणाली त्यावर."

तासाभरात उलगडा झाला. म्हणजे उलगडा झाल्याचं जाहीर झालं. चूक इंटर्नची! मंडळाच्या कार्यालयात सहा महिन्यांसाठी आलेली ती पदवीधर मुलगी, बिनपगारी, सकाळी पहिली हजर आणि संध्याकाळी शेवटची बाहेर. तिला सचिवबाईंच्या खोलीत उभं केलं. बसा म्हणायचीही कुणाला बुद्धी झाली नाही. "तुझ्या हातून जोडपत्र गहाळ झालं, पुरावा आहे," एवढं सांगितलं. कसला पुरावा ते सांगितलं नाही. गोपनीय! तिच्या गळ्यातला पास काढून घेतला. मी कोपऱ्यात बसून हे सगळं टिपत होते, कारण टिपणं हेच माझं काम. सचिवबाईंनी तो पास एका चिठ्ठीला टाचणीने जोडला आणि दोन्ही खणात टाकून खण लावला.

पोरगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी ते पत्र शुक्रवारी स्वतः लावलं होतं. छत्तीसच्या छत्तीस प्रतींना."

"चार वाजता सत्र संपेल," सचिवबाई म्हणाल्या. "तुझ्या विद्यापीठाला त्यानंतर कळवू."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या वहीत एक ओळ वाकडी गेली.

२

आधी घर समजावून सांगते, म्हणजे चोरी समजेल.

आमची संस्था देशोदेशी पाणी, रस्ते, शाळा अशी कामं करते. तिचं नियामक मंडळ छत्तीस जणांचं. वर्षातून दोनदा तीन दिवस बसतं, सोमवार ते बुधवार. मी तिथली लघुलेखिका. सगळे टिपणमावशी म्हणतात. कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी बसून मी शब्दन् शब्द उतरवते. त्या दालनात ऐकायचा हक्क मला पूर्ण आहे. बोलायचा मात्र एकदाच. शेवटच्या दिवशी चार वाजता मी सगळे ठराव मोठ्याने वाचते, अध्यक्ष विचारतात, "हे असंच घडलं?" आणि हातोडी पडते. ती पडली की सहा महिने ब्रह्मदेव आला तरी अक्षर बदलत नाही.

आणि मंडळाची एक रीत आहे, मौनाची. अध्यक्ष विषयाचा नंबर वाचतात, "हरकत?" म्हणतात आणि मनात पाच मोजतात. तेवढ्यात कुणी आपली नावाची पाटी उभी केली नाही, तर विषय मंजूर. न बोलणं म्हणजे होकार. मात्र विषयाला लोकांची तक्रार जोडलेली असेल, तर तो मौनाने मंजूर होऊ शकत नाही. पत्र वाचावं लागतं, चर्चा करावी लागते.

नवव्या विषयात एका डोंगरखोऱ्यातल्या पाणीयोजनेचा दुसरा टप्पा होता. पहिल्या टप्प्यात खाली खोल विहिरी पाडल्या आणि वरच्या वस्त्यांचे झरे आटले. ते त्या बायकांनी लिहून कळवलं, तेच तिसरं जोडपत्र. ते नाहीसं झालं आणि सोमवारी दुपारी माझ्यादेखत अध्यक्षांनी पाच मोजले, विषय मंजूर झाला. पुढल्या महिन्यात खोदाईची यंत्रं तिथे पोचणार होती.

आता सांगा, हरवला तो नुसता कागद का?

बुधवारी दिवसभर सदस्य गटागटाने भेटतात, मला चारपर्यंत काम नसतं. मी वह्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर पडले.

मुलगी फाटकाबाहेर पदपथाच्या कठड्यावर बसली होती. पास नाही, त्यामुळे आत यायची सोय नाही. तिचा डबा, छत्री, पुस्तक सगळं आत. गुडघ्यांवर हनुवटी टेकून ती आपल्या बुटांकडे बघत होती. एका बुटाला पांढरी नाडी, दुसऱ्याला हिरवी.

"फॅशन आहे का गं ही?"

"तुटली मावशी. घरात हिरवीच सापडली." ती जराशी हसली. मग तिचा आवाज फाटला. "बाबा नळ दुरुस्तीची कामं करतात. गिऱ्हाइकांना सांगत सुटलेत, माझी मुलगी जगाला पाणी देणाऱ्या हापिसात आहे म्हणून. त्यांना काय सांगू?"

"आधी मला सांग. शुक्रवारपासून सगळं."

"शुक्रवारी चार वाजता मी छत्तीस प्रती लावल्या, पत्र शेवटी. एकेक अंगठा मोजलाय मी. एक तर इतका लहान होता, की वाटलं आई आजारी असेल म्हणून लेकीने उठवला. मग सोमवारी आले, छपाईखोलीतून नऊ नंबरच्या सुधारित प्रतींचा गठ्ठा आला होता, तो…" ती थांबली.

"तो काय?"

"तो मीच टेबलांवर मांडला, मावशी. जुन्या प्रती मीच गोळा केल्या आणि कातरायच्या यंत्राकडे पाठवल्या. आत उघडून पाहिलं नाही." तिने वर पाहिलं. "जोडपत्र माझ्याच हातांनी गेलं."

३

सुधारित प्रत ही आमच्याकडची रोजची बाब. एखादा आकडा चुकला, एखादं नाव राहिलं, की कार्यालयातून फेरछपाईची चिठ्ठी जाते. नवीन प्रती येतात, जुन्या परत जातात. कुणी उघडून बघत नाही. पुढे ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात पाणीच आहे ना, हे कुणी तपासतं का? म्हणजे ज्याने केलं त्याला आमची सवय पुरती ठाऊक होती.

तळघरातल्या छपाईखोलीत शाईकाका यंत्राच्या पोटात हात घालून बसले होते. माझ्याच वयाचे, कानाने थोडे जड, जिभेने अजिबात नाहीत.

"या टिपणमावशी! आज गरिबाघरी कशा?"

"सोमवारी नवव्या विषयाची फेरछपाई कुणी मागवली?"

त्यांनी हात पुसले. "हे बघा, मी हुकमाचा ताबेदार. दाराबाहेर तळघराच्याच बोळात खोकं आहे, त्याच्या शेजारी वेळेचा शिक्का मारायचं यंत्र. येतात, शिक्का मारतात, चिठ्ठी टाकतात, जातात. माणूस दिसत नाही मला."

"इथे बसून कुणीच दिसत नाही?"

"दिसतात ना, पाय दिसतात!" त्यांनी छताजवळच्या आडव्या खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेरचा पदपथ बरोबर काचेच्या पातळीवर होता. "एकवीस वर्षं पायांवरून माणसं ओळखतोय. ते तुमचे हसरे साहेब, टाचा आपटत चालतात. ही इंटर्न पोरं तर दर सोमवारी माझ्या काचेपुढे उभी. थंडीने नाचत असतात बिचारी. तुमच्या त्या मुलीची हिरवी नाडी परवाही होती की."

"चिठ्ठी दाखवा."

"मूळ चिठ्ठी सचिवबाई घेऊन गेल्या. माझ्याकडे खालची पिवळी प्रत आहे." खिळ्यावर टोचलेल्या ढिगातून त्यांनी ती काढली. मी चष्मा लावला.

'विषय ९. पान ४ वरील दुरुस्तीसह फेरछपाई. जोडपत्र ३ वगळावे. जुन्या प्रती परत.' शिक्का सोमवार, सकाळी ८:४०. आणि खाली मागणी करणाऱ्याची सही.

सही त्या मुलीची होती. तीच शेपूट वळवलेली सही, जी या सत्रात शंभर कागदांवर मी पाहिली होती.

"मावशी," शाईकाका हलकेच म्हणाले, "मलाही पटलं नव्हतं. पण सही तर तिचीच आहे हो."

४

जिने चढताना, खोटं कशाला बोलू, क्षणभर माझाही विश्वास डगमगला. मग मी स्वतःलाच दटावलं: अगं बाई, जी पोर अंगठे मोजते, आजारी आईच्या लेकीचा अंगठा ओळखते, ती तेच पत्र काढून टाकील? सही म्हणजे काय? शंभर कागदांवर असलेली सही शंभर जणांना गिरवता येते.

मग गिरवली कुणी? पत्र नको कुणाला होतं?

पाणीयोजनांचे विभागप्रमुख म्हणजे आमचे हसरे साहेब. माणूस कायम हसतमुख. शोकसभेतही त्यांचे ओठ मिटताना मी पाहिलेले नाहीत. दुसरा टप्पा मंजूर झाला की उपसंचालकाची खुर्ची त्यांचीच, असं सगळी इमारत बोलत होती. चर्चा झाली असती तर विषय सहा महिने पुढे गेला असता आणि खुर्ची दुसऱ्याची झाली असती.

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "टिपणमावशी! तुम्ही बोलताय म्हणजे काहीतरी विशेषच."

"इतिवृत्तात नोंद करायची आहे, साहेब. जोडपत्राचं."

"फार वाईट झालं. गुणी मुलगी. पण ही आजकालची पोरं, घाई, घाई! आणि भोळी असतात. कुणी चार टिपं गाळली की निघाली जग वाचवायला. मग गोंधळ होतो, घाबरतात, कागद लपवतात."

"तुम्हाला खात्री आहे, तिनेच केलं?"

"मी पाहिलं ना!" ते पुढे झुकले, आवाज खाली आणला. "सचिवबाईंनाही सांगितलंय मी. सोमवारी सकाळी साडेआठनंतर, पावणेनऊच्या आत. तळघराच्या जिन्यात. हातात चिठ्ठी घेऊन खाली चालली होती. मी 'सुप्रभात' म्हटलं, तिने मानही वर केली नाही. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं."

"खोदाई कधी सुरू होते, साहेब?"

"महिनाभरात. कामं व्हायला हवीत, मावशी. एकेचाळीस जणी रडतात आणि चाळीस हजारांना पाणी मिळतं. देवाचा हिशेब कुठला मोठा, तुम्हीच सांगा. तुम्ही तर देवभोळ्या."

देवाचं नाव त्या तोंडातून ऐकून अंगाचा तिळपापड झाला. देव काय गर्दी बघून न्याय करतो? पण सही मुलीची, वेळ चिठ्ठीवर, आणि वर डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार. दीड वाजून गेला होता. माझ्या हातात काही नव्हतं.

५

मुलीला हे सांगायचं म्हणजे जिवावर आलं होतं. तरी गेले. फाटकातून बाहेर पाऊल टाकलं, तिला दोन घास तरी खायला आणावेत म्हणून समोरच्या दुकानात गेले, परत आले आणि तिला हाक मारण्याआधी सवयीने गळ्याला हात लावला. पास नाही! मघाशी वर गेले तेव्हा वह्यांपाशी काढून ठेवला, तो तिथेच राहिला होता.

"अहो, मी टिपणमावशी," मी दरवानाला म्हटलं. "एकतीस वर्षं बघताय मला."

"बघतोय ना, मावशी. पण नियम म्हणजे नियम." तो बिचारा ओशाळला. "बाजूच्या खिडकीत तात्पुरता पास मिळेल. रांगेत या."

बाजूची खिडकी! एकतीस वर्षं मी त्या भिंतीशेजारून गेले, तिला खिडकी आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्यापुढे सामान आणणारा एक माणूस, एक पाहुणी. वर पत्र्याची पाटी होती. 'तात्पुरते पास. सकाळी ९ ते सायंकाळी ५.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'साप्ताहिक पासधारकांनी दर सोमवारी नवीन पास घ्यावा. जुना शुक्रवारी संध्याकाळी रद्द होतो.'

माझा पास यंत्रातून निघाला. गरम होता अजून. खालच्या कडेला बारीक छापलं होतं: बुधवार, १:५२.

मी तिथेच उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, "बाई, सरका की." पण माझ्या डोळ्यांपुढे शाईकाकांची आडवी खिडकी होती, थंडीने नाचणारे पाय, आणि त्यांत एक हिरवी नाडी.

मी धावत तिच्याकडे गेले. हे वय धावायचं नाही, पण धावले.

"सोमवारी पावणेनऊला तू कुठे होतीस?"

"कुठे असणार, मावशी? रांगेत. इंटर्नचे पास आठवड्याचेच असतात. साडेआठपासून उभं राहिलं तर सव्वानऊपर्यंत आत जाता येतं."

"मग सांगितलं का नाहीस तिथे, खोलीत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "पण मला वेळ विचारली कुणी? पुरावा आहे म्हणाले. दाखवला कुठे?"

खरंच की. सगळ्यांनी तिच्याबद्दल विचारलं, तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीही विचारलं ते शुक्रवारचं, आणि "सोमवारी आले" एवढ्यावर पुढे गेले. ती कोणत्या दारातून आली, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कायमचा पास गळ्यात असला की माणसाला वाटतं, सगळ्यांना दार उघडंच असतं.

तीच चूक आणखी एकाने केली होती. आठ चाळीसला तिची सही ठोकताना त्याला ठाऊकच नव्हतं, की त्या वेळी ही पोर इमारतीत असूच शकत नाही. आणि जिन्यात त्याने तिला 'सुप्रभात' म्हटलं होतं! जी फाटकाबाहेर थंडीत उभी होती, तिला!

"तुझ्या पासवरही वेळ छापलेली असेल ना?"

"नऊ बारा. पण तो सचिवबाईंनी घेतला."

आणि मग टाचणी आठवली. चिठ्ठी आणि पास, एकाला एक जोडून, एकाच खणात.

"हे आठवड्याचे पास मंजूर कोण करतं गं?"

"सचिवबाईच. दर शुक्रवारी आमचे फॉर्म त्याच सही करतात."

६

सचिवबाई गटांच्या बैठकीतून खोलीत परतल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. मी दारावर टकटक केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्या फायलीतून वर बघेनात. "कशाबद्दल बोलताय, मावशी?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? खण उघडा. चिठ्ठीवर आठ चाळीस आहे, पासवर नऊ बारा आहे. टाचणी तुम्हीच टोचलीत. दर शुक्रवारी तिच्या फॉर्मवर सही तुमची. ती सोमवारी नऊच्या आधी आत येऊ शकत नाही, हे या मजल्यावर फक्त एका माणसाला ठाऊक आहे, आणि ते तुम्ही आहात."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा टूं टूं आवाज येत राहिला.

"आठ महिने राहिलेत माझ्या निवृत्तीचे," शेवटी त्या म्हणाल्या. "हसरे साहेब उद्या उपसंचालक झाले, की माझे कागद त्यांच्याच हातून जाणार. मी काही खोटं लिहिलेलं नाही. मी फक्त…"

"गप्प बसलात."

"ती इंटर्न आहे, मावशी. पोरं येतात, जातात. सहा महिन्यांत विसरेल."

"आणि झरे? ते विसरतील?" माझा आवाज चढला. "न बोलणं म्हणजे होकार, ही रीत रोज कुणाच्या सहीने लागू होते, बाई? पाच मोजायला आपण अध्यक्षांना बसवतो. तुमचे पाच कधी संपायचे?"

"तुम्ही टिपता तेवढं टिपा." त्या उठल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "दालनात तुम्हाला बोलायचा अधिकार नाही."

"नाही," मी म्हटलं. "वाचायचा आहे."

पावणेचार वाजले होते.

७

मला गायलेलं निरूपण फार आवडतं. लहानपणापासून ऐकत आले. एक चांगले बुवा होते, त्यांची खुबी अशी, की आख्यान रंगात आलं, पाप करणारा पापाच्या उंबऱ्यावर उभा राहिला, की ते मध्येच थांबायचे. टाळ थांबायचा, सूर थांबायचा. त्या थांबण्यात ऐकणाऱ्याच्या आतलं काहीतरी बोलायला लागायचं. थांबणं हेही गाणंच आहे, हे मी त्यांच्याकडून शिकले.

चार वाजता दालन भरलं. छत्तीस सदस्य, अध्यक्ष, त्यांच्या डाव्या हाताला सचिवबाई, मागच्या ओळीत अधिकारी आणि त्यांत हसरे साहेब, हसत. मी उभी राहिले आणि विषय एकपासून वाचायला लागले. आठ झाले.

"विषय नऊ. डोंगरखोऱ्यातील पाणीयोजना, टप्पा दुसरा. मौनाने मंजूर. जोडपत्रं…"

मी थांबले.

अध्यक्षांनी वर पाहिलं. "वाचा, मावशी."

"आकड्याची जागा रिकामी आहे, महोदय. जोडपत्रांचा आकडा सचिवांनी सांगायचा असतो. इतिवृत्तात तो त्यांच्या शब्दावर लिहिला जातो."

नियमच तो. शब्दशः नियम.

सगळे सचिवबाईंकडे वळले. मी पेन्सिल कागदावर टेकवली आणि मनात मोजायला लागले.

एक.

"दोन आहेत, दोन!" मागून हसरे साहेब म्हणाले. अध्यक्षांनी नुसता हात वर केला. मागच्या ओळीला बोलायची परवानगी नसते.

दोन. सचिवबाईंचा हात समोरच्या फायलीवर होता.

तीन. उंच सदस्य आपल्या पाटीकडे हात नेत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हे दुसऱ्या कुणी बोलून भागणार नव्हतं.

चार. देवा, मी मनात म्हटलं, हिला वाचव. त्या क्षणी मी मुलीसाठी नाही, या बाईसाठीच मागत होते.

"तीन," सचिवबाई म्हणाल्या.

त्यांनी फाइल उघडली. पास आणि चिठ्ठी, टाचणीसकट, अध्यक्षांपुढे सरकवली. मग उभ्या राहून, एकेक शब्द दगडासारखा उचलत, सगळं सांगितलं. चिठ्ठीची वेळ. पासची वेळ. रांग. "आणि विभागप्रमुखांनी मला लेखी कळवलं आहे, की पावणेनऊच्या आत त्यांनी तिला तळघराच्या जिन्यात पाहिलं. ती त्या वेळी फाटकाच्या आत आलेलीच नव्हती. न आलेल्या मुलीच्या हातात त्यांनी चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीवरची वेळ मी कुणाला सांगितली नव्हती. तरी त्यांना ती बरोबर माहीत होती." त्या माझ्याकडे वळल्या. "हे मला सकाळपासून माहीत होतं. हेही लिहून घ्या, मावशी."

मी लिहून घेतलं.

हसरे साहेब म्हणाले, "माझा गैरसमज झाला असेल, एखादी दुसरी मुलगी…"

"दर सोमवारी नऊच्या आधी," सचिवबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आपल्याकडच्या सगळ्याच इंटर्न बाहेर असतात. आपल्याला कधी दिसल्या नाहीत, साहेब."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे ओठ मिटलेले पाहिले.

अध्यक्ष बराच वेळ त्या लहानशा पासकडे बघत होते. त्यांनाही ती खिडकी ठाऊक नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. "त्या मुलीला बोलवा," ते म्हणाले.

पट्टेवाला घुटमळला. "महोदय, तिच्याकडे पास नाही."

अध्यक्षांनी टाचणी काढली, पास उचलला आणि स्वतः उठून दाराकडे चालू लागले.

ती आली. दोन रंगांच्या नाड्या, सुकलेले ओठ. सचिवबाईंनी फायलीतलं मूळ पत्र तिच्या हातात दिलं, तिच्या नजरेला नजर न देता. तिने ते वाचलं. पाणी आणायला आता किती लांब जावं लागतं, कोणत्या झऱ्याचं नाव काय होतं, कोणता झरा कधी आटला. शेवटी एकेचाळीस नावं. लहान अंगठ्याच्या नावापाशी ती थांबली, आणि मग मुद्दाम सावकाश वाचली.

"विषय नऊ," अध्यक्ष म्हणाले. "हरकत?"

पाच मोजायची वेळ आली नाही. छत्तीस पाट्या उभ्या राहिल्या. कुणाची आधी, ते माझ्यासारखीलाही टिपता आलं नाही.

८

खोदाई थांबली, खोऱ्यात आधी पाहणीपथक जाणार, आणि त्यात वस्तीतल्या दोन बायका असणार, असं ठरलं. हसऱ्या साहेबांची खोली रिकामी आहे. त्यांना अजून वाटतं, की एका क्षुल्लक पासने त्यांचा घात केला. सचिवबाईंना ठपक्याचं पत्र मिळालं. ते त्यांनी काचेखाली टेबलावरच ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

माझा राग मात्र पुरता गेलेला नाही, आणि जाऊही नये. एका माणसाने खोटी सही केली, ते पाप त्याचं. पण ती खिडकी, ती पाटी, ती थंडीतली रांग आम्हा सगळ्यांच्या दारात होती. आम्ही रोज तिच्या शेजारून आत गेलो.

पुढच्या सोमवारी साडेआठला मी त्या रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे चार पोरं, पायावर पाय घासत. ती सगळ्यांत पुढे होती. तिने वळून पाहिलं.

"मावशी! तुम्ही? तुमच्याकडे तर कायमचा पास आहे."

"वर ठेवून आलेय," मी म्हटलं. "वेळ छापून घ्यायची आहे."

पायांजवळच्या काचेवर आतून कुणीतरी टकटक केली. खाली वाकून पाहिलं. शाईकाका माझ्या चपलांकडे बोट दाखवत होते, आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला.

नऊ वाजले. खिडकी उघडली.